अर्ध्यावर थांबलेले धुलाईयंत्र आणि दोन घडींचा अवधी



मागील लेखांकात घरातील पाण्याच्या टाकीचा विचार केला होता. त्याच टाकीच्या पाण्यावर चालणाऱ्या वॉशिंग मशीनचा विचार या वेळी करू. प्रश्न अगदी नेमका आहे. कपडे, पाणी, साबण सर्व आत आहे आणि यंत्र मध्येच थांबले आहे. बटण दाबले तरी प्रतिसाद नाही. यंत्र पुढच्या दाराचे असेल तर दारही उघडत नाही. अशा वेळी घरातील माणसाने काय करावे?

मोठ्या शहरात एक फोन केला की मेकॅनिक दारी येतो. जव्हार-मोखाड्याची गोष्ट वेगळी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे जव्हार आणि त्याच्या पुढे घाटवळणांच्या रस्त्यावरचे मोखाडा, या दोन्ही गावांत दुकान आणि घर एकाच छपराखाली असलेली व्यापारी कुटुंबे पुष्कळ आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी जिल्ह्याचे ठिकाण येथून लांबच राहिले. कंपनीचा माणूस यायचा तो पालघर-बोईसरकडून नाही तर नाशिकहून. पावसाळ्यात घाटात झाड आडवे पडले तर त्याच्या येण्याला दोन दिवस लागले तरी नवल नाही.

तोपर्यंत कपड्यांचे काय, हा आपल्या घरांतील खरा प्रश्न होय. घामाने व मळाने युक्त ओल्या वस्त्रांत अंतर्मुहूर्तात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे आपल्या परंपरेत मानले आहे. म्हणून दोन घडींपेक्षा, म्हणजे ४८ मिनिटांपेक्षा अधिक काळ कपडे भिजत ठेवू नयेत, असा दंडक जुन्या घरांत आजही पाळला जातो. बंद दाराआड भिजत पडलेले कपडे पाहून घरातील ज्येष्ठ माता अस्वस्थ होतात, त्यामागे हे कारण असते. अनुभवाच्या अंगानेही हा दंडक योग्यच आहे. दमट हवेत रात्रभर ओले राहिलेले कपडे सकाळी आंबूस वास देतात आणि ते पुन्हा धुवावे लागतात.

तेव्हा घड्याळ पाहावे आणि दोन घडींचा अवधी हाती आहे असे समजून शांतपणे तपासणी करावी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मध्येच थांबलेले यंत्र बहुधा बिघडलेले नसते. ते कशाची तरी वाट पाहत असते. वीज, पाणी, पाण्याचा निचरा, दाराची कडी आणि कपड्यांचा समतोल, या पाचांपैकी एकाची खात्री पटल्याखेरीज ते पुढचे पाऊल टाकत नाही. त्याची वाट कशासाठी आहे हे ओळखले की निम्मे काम झाले.

पॅनेल पूर्ण अंधारात असेल तर

दिवा नाही, आवाज नाही, अशी स्थिती असेल तर प्रथम विजेचा विचार करावा. घरातील इतर दिवे चालू आहेत का? असल्यास मेन बोर्डावरील एमसीबी खाली पडला आहे का? तोही ठीक असेल, तर हात कोरडे करून, पायांत कोरडी रबरी चप्पल घालून भिंतीवरचे बटण बंद करावे, प्लग काढावा आणि त्याच सॉकेटमध्ये दुसरे एखादे लहान उपकरण लावून पाहावे. पुष्कळदा दोष यंत्रात नसून सैल झालेल्या किंवा आतून काळवंडलेल्या सॉकेटमध्ये असतो. वॉशिंग मशीनला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. एक्स्टेन्शन बोर्डावर ते चालवू नये.

गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी घरात असेल आणि तो पडला असेल, तर तो एकदाच वर करून पाहावा. पुन्हा पडला तर तेथेच थांबावे. यंत्रात कोठेतरी वीज पाझरत आहे, असा त्याचा अर्थ होतो. जळका वास येणे, प्लग गरम लागणे किंवा यंत्राच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या येणे, या तिन्ही खुणांनाही हाच नियम लागू करावा. येथे एक स्थानिक बाब लक्षात घ्यावी. जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा विरोध वाढतो आणि अर्थिंग दुबळे होते. आपल्याकडील खडकाळ जमिनीत एप्रिल-मे महिन्यांत हे विशेष घडते. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

पॅनेल उजळलेले, पण बटणे मुकी

दिवे लागलेले आहेत, आकडा दिसतो आहे, पण कोणतेही बटण दाबले तरी काही होत नाही. येथे पहिला संशय चाइल्ड लॉकचा घ्यावा. मुलांच्या हातून बटणे दाबली जाऊ नयेत म्हणून दिलेली ही सोय नकळत सुरू होते. पॅनेलवर लहान कुलपाचे किंवा बालकाच्या चेहऱ्याचे चिन्ह दिसेल. ते ज्या बटणांपाशी असेल, ती साधारण तीन सेकंद दाबून धरली की कुलूप निघते. स्पर्शाने चालणाऱ्या पॅनेलवर पाण्याचा थेंब वा साबणाचा ओघळ असला तरी ते हात ओळखत नाही. कोरड्या फडक्याने पुसून पाहावे.

दुसरे कारण विजेच्या चढउताराचे. आपल्या घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असावा अशी अपेक्षा असते. परंतु दुकानातील डीप-फ्रीज, विहिरीचा पंप किंवा त्याच रोहित्रावरील पिठाची गिरणी सुरू झाली की तो क्षणभर खाली येतो. दिवा किंचित मंद होतो एवढेच आपल्याला दिसते. यंत्राच्या आतील नियंत्रक पट्टी, म्हणजे पीसीबी, मात्र त्या क्षणी गोंधळते आणि गोठल्यासारखी होते. वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर जाते, त्या क्षणीही हेच घडते. त्यामुळे वॉशिंग मशीनची जोडणी इन्व्हर्टरच्या वाहिनीवर ठेवूच नये. त्यातून पाणी तापवणारे यंत्र असेल तर त्याचा भार घरगुती इन्व्हर्टरला पेलवतही नाही.

यावर उपाय साधा आहे. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा आणि दहा मिनिटे यंत्राला हात लावू नये. वीज तोडल्यावरही पीसीबीवर थोडा विद्युतभार शिल्लक असतो. तो ओसरला की नियंत्रक नव्याने सुरू होतो. चार वेळा घाईने चालू-बंद केल्याने हा भार ओसरत नाही आणि पट्टीवर उलट ताण येतो. दहा मिनिटांनी प्लग लावल्यावर अनेक यंत्रे जेथे थांबली होती तेथूनच काम पुढे नेतात.

दिवे आहेत, बटणेही ऐकतात, पण काम पुढे जात नाही

हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. येथे यंत्र आपल्या भाषेत कारण सांगत असते. एलजीच्या यंत्रावर 'आयई' हा संकेत पाणी न आल्याचा, 'ओई' पाणी बाहेर न गेल्याचा, 'यूई' कपडे एका बाजूला गोळा झाल्याचा आणि 'डीई' दार नीट न लागल्याचा असतो. सॅमसंगच्या यंत्रावर '४सी' किंवा '४ई' म्हणजे पाणी येत नाही. '५सी' किंवा '५ई' म्हणजे निचरा होत नाही. अन्य कंपन्यांचे संकेत निराळे असतात. माहितीपुस्तिकेतील तो तक्ता कापून यंत्राच्या मागील भिंतीवर चिकटवून ठेवावा.

पाणी न येण्याची कारणे आपल्या भागात तीन आहेत. पहिले टाकीच्या उंचीचे. बऱ्याच यंत्रांना किमान ०.०३ ते ०.०५ मेगापास्कल दाब लागतो, म्हणजे टाकीतील पाण्याची पातळी यंत्राच्या नळापेक्षा ३ ते ५ मीटर वर असावी लागते. दुकानावरच्या मजल्यावर घर आणि लगेच गच्चीवर टाकी, अशी रचना असेल तर ही उंची दोन मीटरही भरत नाही. पाणी येते, पण इतके सावकाश की ठरलेल्या वेळेत टब भरत नाही आणि यंत्र थांबते. यंत्र खालच्या मजल्यावर हलवणे किंवा टाकीखाली चौथरा बांधणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय होय.

दुसरे कारण गाळाचे. जव्हारला वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पहिल्या पावसात नळाचे पाणी गढूळ येते. यंत्राला नळी जोडलेली असते तेथे आत बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. ती गाळाने बुजते. नळ बंद करून, नळी सोडवून, पक्कडीने जाळी हलकेच ओढून काढावी, जुन्या दातघासणीने स्वच्छ करावी आणि पुन्हा बसवावी. पावसाळ्यात हे काम महिन्यातून एकदा करावे.

तिसरे कारण आपल्या घरांपुरतेच आहे. पाणी गाळून वापरण्याच्या नियमासाठी काही घरांत यंत्राच्या नळीच्या तोंडाशीच दुहेरी कापड बांधतात. हेतू उत्तम आहे, परंतु त्या अरुंद जागी कापड लवकर चिकटते आणि धार मंदावते. शिवाय तेथे अडकलेल्या जीवांची जिवाणी परत पाण्यात पोचवणेही कठीण जाते. गाळण्याची व्यवस्था टाकीत पाणी पडते त्या तोंडाशी करावी. तेथे कापड मोठे बांधता येते, रोज पाहता येते आणि जिवाणीही जयणेने परत करता येते.

आता निचऱ्याकडे वळू. बाहेर जाणारी नळी यंत्र आणि भिंत यांच्यात चेपली आहे का, हे प्रथम पाहावे. पुढच्या दाराच्या यंत्रात खाली डाव्या वा उजव्या कोपऱ्यात लहान झाकणाआड निचऱ्याची गाळणी असते. दुकानदाराच्या घरातील ही गाळणी म्हणजे छोटा गल्लाच असतो. तीत नाणी, पिना, बिलांचा लगदा आणि माळेचा एखादा मणीही सापडतो. ती उघडण्यापूर्वी प्लग काढावा. यंत्र गरम पाण्यावर चालले असेल तर पाणी निवू द्यावे. मग खाली पसरट ताट वा परात ठेवावी आणि झाकण थोडे थोडे फिरवत पाणी जिरवावे. एकदम उघडले तर सर्व पाणी खोलीभर होते. जमलेले साबणपाणी मोरीतच ओतावे. अंगणातील मुंग्यांच्या रांगेवर किंवा गवतावर फेकू नये.

पाणी उतरले की दाराचाही प्रश्न सुटतो. पुढचे दार धरून ठेवणारी कडी बहुधा उष्णतेवर चालते. वीज तोडल्यावर ती निवून सैल व्हायला एक ते तीन मिनिटे लागतात. परंतु आत दारापर्यंत पाणी असेल तर दार उघडू न देण्याचीच व्यवस्था असते. तेव्हा दार ओढून, स्क्रूड्रायव्हरने उचकटून ते उघडण्याचा प्रयत्न करू नये. आधी पाणी काढावे, मग तीन मिनिटे थांबावे, मग हलक्या हाताने उघडावे.

कपड्यांचा समतोल बिघडल्याची खूण निराळी असते. यंत्र पिळायला लागते, धडधडते, थांबते आणि पुन्हा पाणी घेते. एकच जाड चादर किंवा एकच सतरंजी टाकल्यावर असे होते. झाकण उघडून कपडे मोकळे करून सर्व बाजूंनी सारखे पसरावेत, किंवा सोबत दोन टॉवेल घालावेत. वरून कपडे घालण्याच्या यंत्राचे झाकण पूर्ण मिटलेले आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

पुन्हा पहिल्यापासून लावण्याची सवय

यंत्र सुरू झाले की बहुतेक जण सारा कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून लावतात. या ठिकाणी थोडा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. साडेसहा-सात किलोच्या, वरून कपडे घालण्याच्या स्वयंचलित यंत्राला एक धुणे आणि दोन वेळा विसळणे मिळून ठोकळमानाने शंभर ते दीडशे लिटर पाणी लागते. म्हणजे प्रत्येक भरणीला सुमारे चाळीस लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर जवळजवळ तीन हंडे.

मोखाडा तालुक्यात या तीन हंड्यांचे मोल काय, ते सांगायला नको. कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी पुरवण्यासाठी ते बांधले गेले. त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या भगिनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि दूरच्या झऱ्यावरून हंडे डोक्यावर वाहून आणतात. आपल्या दुकानाच्या पायरीवर येणारी गिऱ्हाइके त्याच घरांतली असतात. अप्कायाची विराधना टाळण्याचा उपदेश आपण व्याख्यानात ऐकतो. तो आचरणात आणण्याची एक लहानशी संधी येथे आहे.

काम कोठे अडले ते पाण्याकडे पाहून कळते. पाणी गढूळ आणि फेस दाट असेल तर धुणे चालू होते. पाणी बरेचसे स्वच्छ आणि फेस विरळ असेल तर विसळणे चालू होते. पाणी नसून कपडे जड व ओले असतील तर फक्त पिळणे उरले आहे. त्याप्रमाणे 'रिन्स' आणि 'स्पिन', किंवा नुसते 'स्पिन' निवडावे. वरून कपडे घालण्याच्या पुष्कळ यंत्रांत त्यासाठी 'प्रोसेस' नावाचे बटण असते. पुढच्या दाराच्या यंत्रात 'रिन्स प्लस स्पिन' असा निराळा कार्यक्रम असतो.

दोन घडी संपल्यावर

वरील तपासणीला अर्धा तास पुरतो. त्यानंतरही यंत्र हलले नाही, तर त्याचा नाद सोडून कपडे बाहेर काढावेत, बादलीत विसळावेत, पिळून वाळत घालावेत. यंत्र मेकॅनिकची वाट पाहू शकते. ओल्या कपड्यांना तो अवधी देऊ नये. टबातील उरलेले पाणीही काढून टाकावे, ते दोन दिवस साचवू नये. मागचे झाकण उघडून आत हात घालण्याचा मोह मात्र टाळावा. प्लग काढलेला असला तरी आतील कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

मेकॅनिकला फोन करताना व्यापाऱ्याची टिपणवही उघडावी. यंत्राचा मॉडेल क्रमांक, खरेदीची तारीख, पॅनेलवर दिसलेला संकेत, कोणत्या टप्प्यावर काम थांबले आणि आपण काय तपासले, या पाच गोष्टी लिहून मगच बोलावे. एवढे कळले तर तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊन घाट चढतो आणि दुसरी फेरी वाचते. हमीच्या काळात बिलाची प्रत हाताशी हवी. काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि नव्या भागाचे स्वतंत्र बिल घ्यावे. हमीतील दुरुस्ती नाकारली गेली तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक सर्वांना खुला आहे. आपण स्वतः विक्रेते असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या या हक्काची जाण आपल्याला अधिक असावी.

शेवटी दोन पूर्वकाळज्या. जून महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करण्यावर न थांबता प्लगच काढून ठेवावा. विजेच्या लोळापुढे स्टॅबिलायझर उपयोगी पडत नाही. दुसरी काळजी जीवदयेची. पावसाळ्यात उंदीर, पाली आणि मुंग्या उबेसाठी यंत्राच्या तळातून आत शिरतात. उंदीर वायर कुरतडतो, पाल पीसीबीवर चढते, आणि त्यात त्या जीवाचाही अंत होतो व यंत्राचाही. तळाला बसवायची जाळी बाजारात मिळते. यंत्र घेतानाच ती बसवून घ्यावी. यंत्र सुरू करण्यापूर्वी टबात आणि दाराच्या रबरी कडेत एकवार पाहून घेण्याची सवय घरातील मुलांनाही लावावी. पर्युषणात कपडे अधिक, पाहुणे अधिक आणि वीजही लहरी. त्यामुळे ही तपासणी आषाढातच उरकून घेतलेली बरी.

पुढील लेखांकात दुकान आणि घर यांना मिळून एकच इन्व्हर्टर असल्यास भाराची वाटणी कशी करावी, याचा विचार करू.

जय जिनेंद्र.